कडेची माणसं

भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून त्याचे फोटो काढणारा माणूस ज्या घरात नाही, त्या घरात रविवार सुखाचा जातो. ज्या घरात तो आहे, तिथे रविवारची पुरवणी कुणालाच वाचायला मिळत नाही. ती सकाळी सातलाच हॉलच्या भिंतीवर चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून ताणून बसवलेली असते. तिच्यासमोर ट्रायपॉड, ट्रायपॉडवर कॅमेरा, कॅमेऱ्यावर घरातल्या बहुतेकांच्या आधी जन्मलेलं एक जुनं मॅन्युअल भिंग, आणि त्यामागे एक डोळा मिटून वाकलेला घरचा कर्ता पुरुष. चहा घेऊन कुणी आलंच तर तो डोळा न उघडता म्हणतो, "तिथेच थांबा. फरशी हलते."

कॅमेरा भिंतीशी अगदी समांतर लागतो. जरा फिरला की पानाची एक बाजू जवळ आणि दुसरी लांब पडते, आणि मग दोष भिंगाचा की ट्रायपॉडचा हा खटला निकाली निघत नाही. यावर जाणकारांची एक युक्ती आहे. पानाच्या मधोमध भिंतीला आरसा टेकवायचा आणि कॅमेऱ्यातून बघताना भिंगाचं स्वतःचंच प्रतिबिंब बरोबर मध्यावर येईपर्यंत ट्रायपॉड सरकवत राहायचा. युक्ती अचूक आहे. फक्त न्हाणीघरातला आरसा हॉलमध्ये का आला आणि त्यात पाऊण तास काय बघणं चाललंय, हे बायकोला पटवून द्यायला भूमितीचा उपयोग होत नाही.

मग फोटो निघतो. कॉम्प्युटरवर तो शंभर टक्के मोठा करून बघायचा. मध्यभागी मंत्रिमहोदयांचं भाषण ठसठशीत, त्यांच्या कपाळावरची छपाईची टिंबंसुद्धा मोजता येतील. तिथून कडेकडेला सरकत गेलं की राशिभविष्य जरा संदिग्ध होतं (ते तसंही असतंच). अगदी कोपऱ्यात 'तमाम जनतेस कळविण्यात येते की' एवढं कळवून जाहीर नोटीस धुक्यात जाते. एखाद्याला वाईट वाटलं असतं. हा माणूस मात्र समाधानाने मागे रेलतो आणि म्हणतो, "फील्ड कर्व्हेचर!" रोगाचं नाव सापडल्यावर डॉक्टरांच्या चेहऱ्यावर येतो तो आनंद त्याच्या चेहऱ्यावर असतो. रोगी बरा होणार की नाही हा पुढचा प्रश्न.

आता खरी गंमत. तोच कॅमेरा, तीच भिंत, फक्त यावेळी फोकस जाहीर नोटिशीवर करायचा. रिंग केसभर फिरवली की नोटीस लख्ख होते. वकीलसाहेबांचा पत्ता, हरकत घेण्याची मुदत, सगळं वाचता येतं. मंत्रिमहोदय मात्र विरघळलेले असतात. म्हणजे या भिंगाला कोपरा वाचता येत नाही असं मुळीच नाही. मधलं वाचताना कोपरा वाचता येत नाही, एवढंच.

कारण सोपं आहे आणि भिंगाच्या बाजूने विचार केला तर वाजवीही आहे. जिथे जिथे सगळं स्पष्ट दिसेल अशा बिंदूंचं मिळून एक पृष्ठ तयार होतं. ते पाटासारखं सपाट असावं अशी आपली अपेक्षा. भिंगाच्या मनात परात असते. परात उभी धरा, तोंड आपल्याकडे. मधला तळ लांब, काठ जवळ. बऱ्याच जुन्या भिंगांचं स्पष्ट दिसणारं जग असं असतं: मध्यावर तीन मीटर लांबचं स्पष्ट दिसेल, तर कोपऱ्यात अडीच मीटरवरचं. भिंत तीनवर सरळ उभी, म्हणून तिचे कोपरे परातीच्या काठाबाहेर पडतात. काही भिंगांची परात पालथी असते, काहींची मधूनच उठून काठाशी पुन्हा खाली वळते. पण सरळ पाट जवळजवळ कुणाकडेच नसतो.

याचं गणित ज्याने पहिल्यांदा नीट मांडलं तो जोझेफ पेट्झवाल. जन्म १८०७, हंगेरीच्या राज्यातला. त्याचं गाव आज स्लोव्हाकियात आहे. नोकरी व्हिएन्ना विद्यापीठात, गणिताचा प्राध्यापक म्हणून. १८३९ मध्ये पॅरिसला दागेरने फोटोग्राफी जाहीर केली तेव्हा तिच्यात एकच अडचण होती: माणसाचा फोटो काढायचा तर त्याने उन्हात मिनिटंच्या मिनिटं न हलता बसायचं. त्या कॅमेऱ्याचं भिंग फारच मंद होतं, आजच्या भाषेत एफ १५ च्या आसपासचं. पेट्झवालने कागदावर हिशेब करून १८४० मध्ये एफ ३.६ चं भिंग तयार केलं. म्हणजे सुमारे सोळा पट उजेड. आधी भिंग घासायचं आणि मग बघायचं काय दिसतं, हा तोवरचा रिवाज. याने आधी काय दिसणार ते ठरवलं आणि मग घासायला सांगितलं.

एवढी आकडेमोड एकट्याच्याने होण्यासारखी नव्हती. तेव्हा आर्चड्यूक लुडविग यांनी त्याला आपल्या तोफखान्यातली माणसं दिली. तोफेचा गोळा कुठे पडेल याची गणितं करणारी, आकड्यांत तरबेज. मला हे दृश्य फार आवडतं. बाहेर युरोप, आत बराकीत ओळीने बसलेले गोलंदाज, आणि ते कुठल्या किल्ल्याचा बुरूज पाडायचा ते न ठरवता, एखाद्या बाईंचा चेहरा नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत कसा स्पष्ट येईल याचे लॉगॅरिदम काढताहेत. लष्कराचा याहून सुसंस्कृत वापर माझ्या तरी ऐकिवात नाही.

भिंग बनवलं फोइग्टलेंडर यांच्या कारखान्याने. या भिंगाने फोटोग्राफीचा धंदा उभा केला, चेहऱ्यांचे फोटो शक्य केले. पण कोपरे? कोपरे परातीबाहेर. पेट्झवालला ते माहीत होतं. भिंगांच्या संचाची ही वक्रता कशावर अवलंबून असते, हा नियम त्यानेच मांडला, आणि आजही त्याला पेट्झवालची बेरीज म्हणतात. प्रत्येक भिंगाची ताकद भागिले त्याच्या काचेचा वक्रीभवनांक, या सगळ्यांची बेरीज शून्य आली की पृष्ठ सपाट. त्याच्या पोर्ट्रेट लेन्सची बेरीज शून्याच्या जवळपासही नव्हती. सपाटपणाचा नियम लिहिणाऱ्याचं नाव आज सर्वांत घट्ट चिकटलंय ते एका ठार वाकड्या भिंगाला. फोइग्टलेंडरने त्यावर व्यवहारी तोडगा काढला. त्याच्या सुरुवातीच्या पितळी कॅमेऱ्यात फोटो गोलच यायचा. ज्याला कोपरेच नाहीत त्याचे कोपरे धूसर कसे असतील?

पुढे दोघांचं बिनसलं. पेट्झवालला एकरकमी दोन हजार गुल्डन मिळाले होते. भिंगं मात्र हजारोंनी खपत राहिली आणि नफा एकाच्याच गल्ल्यात जात राहिला. भाऊबंदकीसाठी एक आजोबा सामाईक असावे लागतात असा आपला समज आहे, तो चूक आहे. एक भिंग सामाईक असलं तरी पुरतं. वाद कोर्टापर्यंत गेला. त्यात १८५९ मध्ये पेट्झवालच्या घरी चोरी झाली आणि प्रकाशशास्त्रावरची त्याची हस्तलिखितं नष्ट झाली. तो हळूहळू या विषयातूनच बाजूला झाला. १८९१ मध्ये गेला तेव्हा सपाट भिंगांचा जमाना नुकता उजाडत होता.

तो उजाडायला दोन गोष्टी लागल्या. एक, येनाच्या कारखान्यात ऑटो शॉटने केलेल्या नव्या काचा. दुसरी, एक साधी शक्कल. पेट्झवालच्या बेरजेत भिंगांमधलं अंतर कुठेच येत नाही. मग एक फुगीर भिंग आणि तेवढ्याच ताकदीचं एक खोलगट भिंग घ्या. बेरीज शून्य. चिकटवून ठेवलीत तर दोघं एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरते काच. पण मध्ये अंतर ठेवलंत तर ती मिळून फोटो काढतात आणि बेरीज शून्यच राहते. यॉर्कच्या कुक कंपनीतल्या डेनिस टेलरने याच तत्त्वावर १८९३ मध्ये तीन भिंगांचा ट्रिपलेट केला: दोन फुगीर, मध्ये एक खोलगट. एकत्र कुटुंबात दोन तिरसट माणसं गुण्यागोविंदाने नांदवायची कशी, याचं उत्तर म्हणजे त्यांच्या खोल्या लांब ठेवायच्या, हे त्याला भिंगांच्या बाबतीत सुचलं. १८९६ मध्ये झाइसच्या पाउल रुडॉल्फने जे भिंग केलं त्याचं नावच 'प्लॅनार', सपाट. नावात जाहिरात करायची ही पद्धत तेव्हाही होती.

गरिबांनी मात्र वेगळी वाट धरली, आणि माझ्या मते तीच जास्त हुशारीची. भिंग सपाट करता येत नाही ना? मग फिल्म वाकवा! आगफाचा 'क्लॅक' नावाचा स्वस्तातला कॅमेरा होता, त्यात फिल्म सरळ बसतच नव्हती, मागे कमानीत वळवलेली असायची. हेरगिरीच्या सिनेमांतून प्रसिद्ध झालेल्या मिनॉक्स कॅमेऱ्यात तेच. एकदा वापरून टाकून द्यायचे ते प्लास्टिकचे कॅमेरे आले, ज्यांचं भिंग एखाद्या बटणाच्या किमतीचं असावं, त्यांतही फिल्म वाकलेलीच. २००९ मध्ये नासाने दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधायला केपलर दुर्बीण सोडली, तर तिच्यातले ४२ सेन्सर एका वक्र पृष्ठावर फरशा बसवाव्या तसे बसवलेले. आणि या सगळ्यांच्या आधी आपला डोळा. त्याचा पडदा वाटोळाच आहे, म्हणून फील्ड कर्व्हेचर नावाची तक्रार डोळ्याच्या डॉक्टरकडे कुणी घेऊन जात नाही. अडचण फक्त मधल्या माणसाची. ज्याने चांगले पैसे मोजून सपाट सेन्सरचा कॅमेरा घेतला आणि त्यावर हौसेने साठ वर्षांपूर्वीचं भिंग लावलं, त्याची.

ही हौस कशी लागते ते सांगता येत नाही. ऑटोफोकसचा उत्तम कॅमेरा हातात असतो. बाहुली, मांजर, धावता नातू, सगळ्यांचे डोळे तो आपणहून शोधतो. पण एके दिवशी माणूस मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात जातो, काचेच्या कपाटात एक जड धातूचं भिंग बघतो, त्याची रिंग फिरवतो, आणि संपतो. ती रिंग तुपात फिरल्यासारखी फिरते म्हणतात. विकणाऱ्याला हे चांगलं ठाऊक असतं. तो भिंग हातात देतो आणि गप्प बसतो. "कोपरे कसे आहेत?" असं विचारलं तर तो म्हणतो, "साहेब, कॅरेक्टर आहे." भिंगात बुरशी असेल तर 'व्हिंटेज', काचेला ओरखडे असतील तर 'ग्लो', आणि परात फारच खोल असेल तर 'थ्री-डी'. विवाह मंडळाच्या वह्यांत 'रंग निमगोरा, स्वभाव मनमिळाऊ' लिहिणाऱ्यांचे वंशज या व्यवसायात बरेच असावेत.

शिवाय ॲडॉप्टर लागतो. जुन्या भिंगाचे आटे नव्या कॅमेऱ्याला बसत नाहीत, म्हणून मध्ये घालायची ती धातूची कडी. ही कडी बनवणारे तिची जाडी मुद्दाम किंचित कमी ठेवतात, कारण जास्त झाली तर लांबचा डोंगर कधीच स्पष्ट होणार नाही. त्याचा परिणाम असा, की रिंग पूर्ण फिरवली तर भिंग अनंताच्याही पुढे जाऊन थांबतं. जिथे पोचायला साधुसंतांची हयात गेली, त्याच्या पलीकडे आपण चार-पाचशे रुपयांच्या कडीने जातो, आणि तिथून दिसतं काय, तर सगळंच धूसर. तेव्हा रिंग शेवटपर्यंत फिरवून 'झाला डोंगरावर फोकस' असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

जुन्या कॅमेऱ्यांत फोकस करायला पडद्याच्या मध्यावर एक दुभंगलेलं वर्तुळ असायचं. चेहरा त्यात अर्धा इकडे अर्धा तिकडे दिसतो. रिंग फिरवून दोन्ही अर्धे जुळले की फोकस झाला. व्यवस्था सुरेख, पण ती फक्त मध्यावर. चेहरा फोटोच्या कडेला हवा असेल तर आधी मध्यावर फोकस करायचा आणि मग कॅमेरा वळवायचा. इथे सपाट भिंगसुद्धा दगा देतं. दोन मीटरवर बसलेल्या बाईंच्या डोळ्यावर फोकस केला आणि कॅमेरा वीसेक अंश वळवला, की स्पष्टतेचा पाट कॅमेऱ्याबरोबर फिरतो आणि बाईंच्या डोळ्यामागे बारा सेंटिमीटर जाऊन पडतो. ५० मि.मी.च्या भिंगाला एफ १.४ ला दोन मीटरवर मागे-पुढे मिळून साधारण तेरा सेंटिमीटर चालतात. म्हणजे पुढच्या बाजूला सहा-सात. डोळे गेले. कानातली कुडी मात्र अशी येते की सराफाने वजन सांगावं.

आणि आता परातवाल्याचा दिवस. ज्याच्या भिंगाचे काठ कॅमेऱ्याच्या बाजूला वळलेले आहेत, त्याने कॅमेरा वळवला तर काठ आपसूक पुढे येतो आणि बाईंचे डोळे बऱ्यापैकी जागेवर राहतात. एक दोष दुसऱ्या दोषाला सावरून घेतो. महागड्या सपाट भिंगवाल्याची बाई धूसर आणि चोरबाजारातल्या भिंगाची स्पष्ट! असा फोटो निघाला की तो माणूस पुढचे सहा महिने 'जुन्या लोकांना कळत होतं' या विषयावर बोलतो. जुन्या लोकांनी हे मुद्दाम केलं होतं का, हे विचारून त्याचा विरस करू नये.

आपल्या भिंगाची परात नेमकी कशी आहे ते कळायला वर्तमानपत्रापेक्षा मैदान बरं. ट्रायपॉड लावून कॅमेरा जरा खाली झुकवायचा, अॅपर्चर पूर्ण उघडं, आणि नुसत्या गवताचा फोटो काढायचा. घरी येऊन कॉम्प्युटरवर त्यातल्या फक्त कडा उठून दिसतील असा फिल्टर लावायचा. जिथे गवत स्पष्ट, तिथे पांढऱ्या रेघांची दाटी होते, बाकी काळोख. सपाट भिंग असेल तर ती दाटी आडव्या पट्ट्यात येते. परात असेल तर पट्ट्याची दोन्ही टोकं आपल्या बाजूला, म्हणजे फोटोत खाली, वळतात. पालथी असेल तर वर. दहा मिनिटांचं काम, आणि भिंगाची कुंडली हातात. अडचण इतकीच, की भर मैदानात क्रिकेट चाललेलं असताना, त्याकडे पाठ करून, रिकाम्या गवताचे फोटो काढणाऱ्या माणसाला लोक सोडत नाहीत. "काय पडलंय?" असं विचारत आधी एक जण वाकतो, मग तिघं. थोड्या वेळाने कुणाचं मंगळसूत्र हरवलंय हे त्या माणसालाही नव्याने समजतं.

आताच्या मिररलेस कॅमेऱ्यांत पीकिंग नावाची सोय आहे. जे स्पष्ट त्याच्या कडेला लाल चमक. नवख्याला ती देववाणी वाटते. ती अंदाज सांगते, खरं सांगत नाही. जुनं भिंग उघडं असलं की नाक, डोळे, कान, मागची उशी, सगळ्यांना एकदम लाल करते. त्यापेक्षा दृश्य मोठं करून बघायचं. दुभंगलेलं वर्तुळ मध्यावर अडकलेलं असायचं, ही मोठं करण्याची चौकट मात्र कुठेही सरकवता येते, अगदी कोपऱ्यात. जिथे माणूस आहे तिथेच नेऊन, फोटो ज्या अॅपर्चरला काढायचा त्याच अॅपर्चरला बघत फोकस करायचा. मध्यावर करून वळवायचं नाही. फील्ड कर्व्हेचरवरचा सगळ्यात मोठा इलाज हाच, आणि तो इतका साधा आहे की त्यावर भांडताही येत नाही.

निसर्गाच्या फोटोत प्रश्न वेगळा. सिंहगडावरून समोरची डोंगररांग काढायची, मध्यावर फोकस केला, मधली शिखरं धारदार, आणि डावी-उजवीकडची शिखरं भाताच्या वाफेत. त्याच कोपऱ्यात, पायाशी असलेलं कारवीचं झुडूप मात्र पानापानाने मोजावं असं. परातीचा काठ तिथून गेला ना! अशा वेळी फोकस मध्यावरही नाही आणि कोपऱ्यातही नाही, दोघांच्या मध्ये कुठेतरी करायचा आणि एफ ८ किंवा ११ ला यायचं. मध्याचं थोडं जातं, कडेचं पुष्कळ मिळतं. त्यापुढे एफ १६, एफ २२ करत जाऊ नये, तिथे प्रकाश स्वतःच पसरायला लागतो आणि सगळंच सारखं मऊ होतं. ही एक प्रकारची समताच, पण फोटोत नको. एका मित्राचा सिद्धांत असा, की हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा निसर्गाने परातवाल्या भिंगासाठीच घडवलाय, आत वळलेला, दोन्ही टोकं बघणाऱ्याकडे. ऐकायला सुंदर. पण कडा एवढा दूर आणि एवढा अवाढव्य, की भिंगाच्या लेखी त्याचं टोक आणि मध्य दोन्ही अनंतावरच. फायदा शून्य. मित्र अजूनही तिथे जातो. त्याला मी हे सांगितलेलं नाही.

मिनोल्टाने १९७० च्या दशकात यावर कमाल केली होती. २४ मि.मी.चं एक भिंग काढलं, त्याला फोकसच्या रिंगेशिवाय आणखी एक रिंग. ती फिरवली की परात कमी-जास्त व्हायची, हवी तर पालथी. समोर जे असेल तशी ती वळवून घ्यायची. आतून वळलेली भिंत असो की बाहेर आलेला बुरूज, भिंग तयार. फारसं खपलं नाही. एक रिंग फिरवताना फोटो निघून जातो, तिथे दोन कोण फिरवणार? ज्यांनी घेतलं ते आयुष्यभर दोन्ही रिंगा फिरवत बसले असतील आणि त्यांच्यासमोरची कुटुंबं मोठी होऊन नोकरीला लागली असतील.

ज्याच्याकडे ती दुसरी रिंग नाही, त्याला एकच मार्ग उरतो: भिंग वळत नसेल तर माणसं वळवायची. सगळ्यांना परातीच्या आकारात उभं करायचं, मधले मागे, कडेचे पुढे. यात नवीन काही नाही. मोठे समूह कमानीत बसवण्याची चाल जुनीच आहे. पण पगारी फोटोग्राफरचं ऐकणं वेगळं आणि घरच्या माणसाचं वेगळं.

लग्नातला पगारी फोटोग्राफर स्टेजवर येतो, फ्लॅश लावतो, एफ ८ ठेवतो, "इकडे बघा" म्हणतो, संपलं. एफ ८ ला परात आहे की पाट, कुणालाही कळत नाही. काठापासून तळापर्यंत सगळं खपून जातं. पण घरचा हौशी काका एफ ८ ला जाणार नाही. एवढं जुनं, एफ १.४ चं भिंग त्याने एफ ८ ला वापरायला घेतलंय का? आणि फ्लॅश? छे. हॉलमधल्या पिवळ्या उजेडातच कॅरेक्टर येतं. तेव्हा आहेराची रांग थांबवून तो म्हणतो, "थांबा, घरच्यांचा एक होऊ दे." आणि मग भूमिती सुरू होते.

"मावशी, तुम्ही जरा पुढे या."

"मी इथेच बरी आहे रे."

"नाही, एक पाऊल. अजून. अहो, त्या टोकाला कोण आहे? भाऊजी, तुम्हीही पुढे. दादा, वहिनी, तुम्ही मध्ये आहात ना, तुम्ही मागे."

"आम्ही मागे?" हे वराच्या आई म्हणतात. आत्तापर्यंत हसत असतात.

"तुम्ही मध्यावर आहात म्हणून."

"मध्यावर असलं की मागे जायचं असतं का?"

विज्ञान म्हणतं, हो. पण हे स्टेज आहे. इथे कोण कुठे उभं राहणार हे साखरपुड्यापासून ठरलेलं असतं. मान मध्याला आणि पुढे. परातीच्या हिशेबात मध्यावर म्हणजेच सगळ्यांत मागे. त्यामुळे वरमाई दोन पावलं मागे, आणि वधूची लांबची मावशी, जिला पत्रिका कुरियरने गेली होती, ती सगळ्यांच्या पुढे, रुखवताच्या टेबलाला टेकून. दोन्ही व्याही एकमेकांकडे बघून घेतात. पाचसहा सेकंद कुणीच बोलत नाही. नवरा मुलगा हळूच विचारतो, "काका, झाला का?" काका एक डोळा मिटून रिंग फिरवताहेत. ही रिंग जवळपास पूर्ण फेरा घेते, म्हणून तर इतकी अचूक आहे. चौकट सरकवून आधी मावशी तपासतात, मग भाऊजी, मग पुन्हा मध्यावर येतात. मध्यावर तोपर्यंत वरमाई नसतात. त्या पुढे सरकलेल्या असतात, आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून.

शेवटी फोटो निघतो. आणि हे मान्य करायला हवं, अप्रतिम निघतो. एफ १.४, जुनं भिंग, पिवळा उजेड, आणि टोकापासून टोकापर्यंत प्रत्येक चेहरा लख्ख. आठवड्याने काका तो मोठा छापून मावशीकडे स्वतः घेऊन जातात. मावशी चष्मा लावून बराच वेळ बघतात. शालूचा काठ बघतात, नथीतले मोती बघतात, मग स्वतःकडे येतात.

"हे कुठल्या कॅमेऱ्याने काढलंस?"

काका खुलतात. परात, पाट, पेट्झवाल, गोलंदाज, सगळं सांगतात. मावशी ऐकून घेतात.

"मागे सुमाच्या लग्नात काढला होतास तो किती छान होता. गालावर एक रेघ नव्हती माझ्या. ते भिंग विकलंस का?"

"अहो मावशी, भिंग तेच आहे. तेव्हा तुम्ही मागे, ओळीत उभ्या होता."

"मग झालं तर," मावशी फोटो परत पाकिटात घालतात. "पुढच्या वेळी मला मागेच राहू दे. पुढे त्या वरमाईला घे."